बर्फाच्या बेटापर्यंत

हातखंब्याच्या शाळेत आईची बदली झाली तेव्हा मी पाचवीत होते. १९९८ साल. बाबा मुंबईला एका छापखान्यात होते, दोन महिन्यांतून एकदा यायचे. आम्ही दोघी लांज्याजवळच्या गावातून रत्नागिरीत आलो आणि राजिवड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आई सकाळच्या एसटीने जायची ती संध्याकाळी साडेसहाला परत. माझी शाळा सकाळची. सव्वाबाराला सुटायची, पाऊण वाजता मी घरी. कुलूप काढायचं, झाकून ठेवलेला आमटीभात खायचा, ताट घासून पालथं घालायचं, आणि मग साडेसहापर्यंत काही नाही.

शाळेत मुलींच्या जोड्या पहिलीपासून ठरून गेलेल्या होत्या. मला ज्या मुलीशेजारी बसवलं ती आठवड्यातून दोन दिवस यायची. म्हणजे तिथेही बाक माझ्या एकटीचाच.

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये चिऱ्यांचा गडगा होता, माझ्या छातीइतका. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका दुपारी त्याच्या पलीकडून एक बारीक धून ऐकू आली. रेडिओ नव्हे. खेळण्यातल्या पिपाणीसारखा आवाज, पण सुरेल. धून ठरावीक ठिकाणापर्यंत जायची, एकदम घसरून बंद पडायची, आणि क्षणभराने पुन्हा पहिल्यापासून सुरू. चार दुपारी मी सतरंजीवर पडून ती ऐकली. पाचव्या दिवशी गडग्यावर चढले, पलीकडे उतरले आणि खिडकीतून आत डोकावले.

वीस-एकवीस वर्षांची एक बाई टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली होती. ओढणी कमरेला खोचलेली, हातात टीव्ही गेमचा रिमोट. पडद्यावर लाल टोपीवाला एक ठेंगू माणूस होडीसकट खडकावर आपटला, धून घसरली आणि ती बाई कपाळावर हात मारून स्वतःशीच हसली. मग तिने मला पाहिलं आणि हसू आवरलं.

"मास्तरीणबाईंची ना गो तू?"

मी मान हलवली.

"कोणाला सांगू नको हां. सासू झोपलेय आत." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "अनवाणी आलीस? ये आत. उन्हात काय उभी राहतेस."

ही खतिजाभाभी. माहेर दाभोळचं. मे महिन्यात लग्न होऊन ती हुसेनचाचांच्या घरी आली होती. तिचा नवरा अनस शारजाला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. लग्नानंतर चाळीस दिवस राहिला आणि परत गेला. घरात सासू, सासरे आणि ती. हुसेनचाचांचं सगळं आयुष्य मालवाहू बोटीवर स्वयंपाक करण्यात गेलं होतं. आता निवृत्त झाले होते तरी दुपारच्या नमाजानंतर घरी न येता ते जेट्टीवर जाऊन बसायचे. चाची जेवून झोपायच्या त्या चारपर्यंत. ती दोन तासांची दुपार भाभीची होती.

टीव्ही गेम चाचांनीच आणला होता, अनस आठवीत असताना. त्याबरोबर तीन कॅसेटी, गाड्यांच्या आणि बंदुकांच्या. त्या वेळी रत्नागिरीत ज्यांच्याकडे टीव्ही गेम होता त्या सगळ्यांकडे त्याच असायच्या. चौथी मात्र चाचांनी जपानच्या कुठल्याशा बंदरात रस्त्यावरून घेतली होती. तिच्यावर होडीचं चित्र होतं आणि कोणालाच वाचता न येणारी अक्षरं. मी वर्गातल्या मुलांना एकदा त्या खेळाबद्दल विचारलं होतं. बेटं, होडी, लाल टोपी, सगळं वर्णन केलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यातला एक म्हणाला, "असली गेम नसतेच."

कॅसेटच्या पाठीवर खिळ्याने कोरलं होतं, अनस.

आणि तिच्या डब्यात चौकडीच्या वहीतला एक घडी घातलेला कागद होता. त्यावर ती जपानी अक्षरं एकाखाली एक काढलेली, चौदा. हा त्या खेळातला परवलीचा शब्द. होडी फुटली की पडद्यावर अशी चौदा अक्षरं यायची. ती लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी भरायची, म्हणजे खेळ तिथून पुढे सुरू व्हायचा. कागदावर अक्षरांच्या खाली मुलाच्या हस्ताक्षरात लिहिलं होतं, 'बर्फाचं बेट. इथे अडकलो.'

"मी भरून बघितलीत सगळी," भाभी म्हणाली. "एक अक्षर घडीत पुसलंय. घेत नाय मग."

"मग?"

"मग पहिल्यापासून जायचं. बर्फाच्या बेटापर्यंत. तिथे गेले की ह्यांना सांगेन."

हे तिला एवढं का हवं होतं ते मला दोन शुक्रवारांनी कळलं. शुक्रवारी शारजाहून फोन यायचा. त्या दिवशी चाचा घरीच थांबायचे. आधी ते बोलले, मग चाची, आणि शेवटी भाभीच्या हातात फोन आला. दोघं समोरच बसलेले. "हां. बरी हाय. हां. पार्सल पोचलं. हां." एवढं बोलून तिने फोन ठेवला. चाचा-चाची आत गेल्यावर ती मला म्हणाली, "चाळीस दिवसांत माणूस कितीसा कळतो गो? त्यातले निम्मे पावण्यांकडे जेवायला जाण्यात गेले."

तेव्हापासून मी रोज जायला लागले.

खेळ साधा होता, पण आम्हाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. लाल टोपीवाला होडीतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचा. प्रत्येक बेटावर कोणीतरी त्याच्याशी बोलायचं. चौकटीत अक्षरं यायची आणि खाली दोन उत्तरं. वरचं किंवा खालचं. एका बेटावरच्या म्हातारीला वरचं उत्तर दिलं तर ती मडकं द्यायची, खालचं दिलं तर दार लावून घ्यायची. एका कोळ्याला सलग तीनदा खालचं उत्तर दिलं की तो वाटेतून होडी काढायचा. हे सगळं आम्ही चुकून चुकून शिकलो आणि मी माझ्या रफ वहीत लिहून ठेवलं. 'मडकेवाली – वर. कोळी – खाली, खाली, खाली. कुत्र्याशी बोलू नये.'

अक्षरं उतरवणं भाभीकडे होतं. तिला लहानपणापासून अरबी लिहायची सवय, त्यामुळे वळणं अचूक यायची. मला पटकन सांगता यावं म्हणून आम्ही एकेका अक्षराला नाव दिलं होतं. कोयती, गळ, उलटी खुर्ची, दोन शेपट्यांचा विंचू. "कोयती, कोयती, गळ, बसलेली बाई," मी पडद्यावर बघून भराभर म्हणायचे आणि ती लिहायची. एकदा लाईट जाईल या भीतीने मी इतकी घाई केली की गळाच्या जागी विंचू सांगितला, आणि आमची सहा दिवसांची मेहनत पाण्यात गेली. मी रडायला लागले. भाभी म्हणाली, "रडतेस काय? सहा दिवस परत खेळायला मिळणार." आणि खरंच तिला आनंद झाल्यासारखा दिसला.

लाल टोपीवाल्याचं नाव गंगाराम. आमच्या भागातले पोस्टमन गंगारामकाका असेच ठेंगू होते, कायम टोपी घालायचे आणि चढावर असेच डुलत चालायचे. खेळातला गंगारामसुद्धा मडकी आणि पुड्या इकडच्या तिकडे पोचवत होता, म्हणून आम्ही त्याला पोस्टमनच ठरवून टाकलं. खरे गंगारामकाका अनसभाईंचं पत्र घेऊन आले की भाभी आधी माझ्याकडे बघायची आणि मग आम्हा दोघींनाही हसू आवरायचं नाही. काकांना वाटायचं, पत्र आल्याचाच आनंद आहे.

साडेसहाला आई आली की मी तिला सगळं सांगायचे. ती कुकर लावत असायची, मी ओट्याला टेकून बेटामागून बेटं सांगत सुटायचे. आणि भाभी असं म्हणाली, आणि भाभीने तसं केलं. आई "हं" म्हणायची. दुसऱ्या वर्षी पाऊस संपल्यावर एका संध्याकाळी तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "नीरजा, रोज रोज नको जाऊस त्यांच्याकडे. त्यांना त्यांची कामं असतात. तोंडावर सांगत नाहीत म्हणून काय झालं."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. त्या रात्री मी आठवून आठवून बघितलं आणि मला वाटलं, आई म्हणते ते खरं. मोठी बाई माझ्यासारख्या मुलीबरोबर का खेळेल? तिला नाही म्हणवत नाही म्हणूनच.

मी जाणं बंद केलं. आठवडाभर दुपारी पलीकडून धून यायची, पण ती पुढे सरकतच नव्हती. होडी धक्क्याला बांधलेली असते तेव्हाची ती छोटी धून होती, तेवढीच गोल गोल फिरत राहायची. आठव्या दिवशी गडग्यावरून हाक आली.

"काय गो, तब्येत बरी नाय?"

"बरी आहे."

"मग?"

"अभ्यास आहे."

तिने गडग्यावर कोपर टेकलं. मग म्हणाली, "अभ्यास इथे आण. मी आवाज बंद करून खेळते."

मी आईला न सांगता पुन्हा जायला लागले. साडेसहाला आता तिला शाळेतलं काहीतरी सांगायचे, बरंचसं खोटं.

बर्फाच्या बेटावर आम्ही २००० सालच्या फेब्रुवारीत पोचलो. पडदा एकदम पांढरा झाला आणि धून इतकी हळू झाली की आम्हाला वाटलं टीव्ही बिघडला. भाभी गुडघ्यांवर उठून पडद्याजवळ गेली. "इथेच होते ते," ती म्हणाली, जणू तिथे पावलं उमटलेली असणार.

तिथे बर्फात एक म्हातारा वाट अडवून उभा होता. त्याला वरचं उत्तर दिलं की तो गंगारामला परत किनाऱ्यावर टाकायचा. खालचं दिलं तरी तेच. आम्ही तीन आठवडे सगळं करून बघितलं. वर खाली, खाली खाली वर, हातात मडकं धरून, मडकं टाकून. अनसभाई का अडकले ते आम्हाला कळून चुकलं. भाभी म्हणाली, "हा माणूस हलणार नाय. ह्याला मरेपर्यंत इथेच उभं राहायचंय."

मग एका दुपारी म्हाताऱ्याची चौकट पडद्यावर उघडी असतानाच बाहेरून "रजिस्टर!" अशी हाक आली. हुसेनचाचांच्या नावाचं पत्र होतं. भाभी धावत गेली, मीही गेले. सही करायला गंगारामकाकांचं पेन चालेना, मग घरातलं पेन शोधलं, मग काकांनी पाणी मागितलं. सात-आठ मिनिटं गेली असतील. परत आलो तर चौकट मिटलेली आणि म्हातारा वाट सोडून बाजूला जाऊन बसलेला.

भाभी पडद्याकडे बघत राहिली. "काय केलंस?"

"मी कुठे? मी तुझ्याबरोबर होते."

"म्हणजे काहीच करायचं नव्हतं?" ती खाली बसली. "उत्तरच द्यायचं नव्हतं. नुसती वाट बघायची होती!" आणि ती इतकी हसायला लागली की तिला ओढणी तोंडात कोंबावी लागली. "मला आधी सांगायचं नाय? वाट बघायला तर मी कधीपासून बसलेय."

त्याच दिवशी तिने शारजाला पत्र लिहिलं. चार पानं. आधीची तिची पत्रं एका पानाची असायची. हे मला माहीत होतं, कारण पेटीत टाकायला मीच जायचे.

तीन शुक्रवारांनंतरच्या शनिवारी मी गेले तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. टीव्ही बंद.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"कोण?"

"अनसभाई. बर्फाच्या बेटाचं."

तिने सुपातला एक खडा काढून खिडकीबाहेर टाकला. "म्हणाले, कसली कॅसेट? त्यांना नाय आठवत. म्हणाले, लहानपणी काय काय खेळलो, आता कुठे ध्यानात राहणार." मग दुसरा खडा शोधत, "खरं हाय ते. केवढं काम असतं त्यांना."

मला अनसभाईंचा इतका राग आला की मी काहीतरी बोलणार होते. पण ती म्हणाली, "लाव टीव्ही. पुढचं बेट बघू." आम्ही पुढेही खेळलो, एप्रिलपर्यंत. त्यांचं नाव मात्र पुन्हा निघालं नाही. आणि खरं सांगायचं तर ते पाच-सहा आठवडे सगळ्यांत चांगले होते. आता आम्ही कोणाच्याच मागे चाललो नव्हतो.

मे महिन्यात भाभीचा व्हिसा आला. ती अनसभाईंच्या सुट्टीची वाट बघत होती आणि त्याऐवजी तिलाच बोलावणं आलं. घरात आठवडाभर पाहुणे, शिवणकाम, मसाले कुटणं. दुपारी टीव्हीच्या खोलीत कोणी ना कोणी झोपलेलं असायचं. जायच्या दिवशी ती नव्या चपला घालून गडग्याजवळ आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पुढचं तू खेळ. मला लिहून कळव." मग गाडीचा हॉर्न वाजला.

टीव्ही गेम हुसेनचाचांनी स्वतः आणून दिला, पिशवीत घालून. "आमच्याकडे आता कोण खेळणार गो," म्हणाले.

आमचा टीव्ही छोटा होता, काळा-पांढरा. त्यावर गंगारामची टोपी करड्या रंगाची दिसायची. मी दुपारी लावायचे आणि थोड्या वेळाने बंद करायचे. अक्षरं मोठ्याने म्हणायची सवय होती, ती मी रिकाम्या खोलीत म्हणायचे आणि मग स्वतःच लिहायचे.

आईच्या हे लक्षात आलं असावं. जूनमधल्या एका रविवारी ती हात पुसत आली आणि माझ्याशेजारी सतरंजीवर बसली. "दे बघू मला. कसं करायचं?"

मी रिमोट दिला. आईने तो उलटा धरला. मी सरळ करून दिला. तिने होडी लगेच खडकावर घातली. "अगंबाई," ती हसली. "हा कोण? कुठे चाललाय?"

"गंगाराम."

"गंगाराम होय! आपल्या पोस्टमनसारखा." तिने पुन्हा होडी बुडवली. तिसऱ्यांदा ती कुत्र्याशी बोलायला गेली. मी रिमोट तिच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, "तुला नाही जमत. राहू दे."

आईने पुन्हा पदराला हात पुसले. मग "बरं" म्हणून उठली आणि भांडी लावायला गेली. ती पुन्हा कधी बसली नाही, आणि मीही तिला बस म्हटलं नाही. मला बारावं लागलं होतं. एवढं कळायला ते वय पुरेसं होतं.

खेळ मी ऑगस्टमध्ये संपवला. शेवटच्या बेटावर होडी लागते. तिथे एक घर असतं, दारात एक बाई उभी असते. गंगाराम तिच्यासमोर येतो, थांबतो आणि संपूर्ण खेळात पहिल्यांदाच टोपी काढतो. खाली चकचकीत टक्कल. त्यावर तीनच केस. आणि ती बाई त्या टकलावर टपली मारते.

मी खो खो हसले. हसता हसता उजवीकडे वळले आणि तिथे नुसती सतरंजी होती. मग पडद्यावर जपानी नावं वर वर सरकत राहिली, किती तरी वेळ, आणि ती संपेपर्यंत मी बसून होते. कोणाला तरी सांगावं म्हणून गडगा ओलांडून पलीकडे गेले. चाची झोपल्या होत्या. चाचा जेट्टीवर. परत आले.

भाभीला मी मोठं पत्र लिहिलं, पण टकलाचं लिहिलं नाही. लिहिलं, 'शेवट झाला. पण असा सांगण्यासारखा नाही, तू आलीस की सांगेन.' पत्ता चाचांकडून घेतला, तिकीट लावलं, टाकलं. उत्तर आलं नाही. वर्षभर मी गंगारामकाकांना रस्त्यात गाठून विचारायचे. मग ते मला लांबूनच हाताने 'नाही' अशी खूण करायला लागले, आणि मी विचारणं सोडलं.

टीव्ही गेम पुढच्या पावसाळ्यात बिघडला. कॅसेट घर आवरताना कधीतरी हरवली.

भाभी मधल्या काळात दोनदा येऊन गेली, पण एकदा मी बाबांकडे मुंबईला होते आणि एकदा ती दाभोळलाच राहिली. २००८ साली मी गोगटे कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. मारुती मंदिराजवळच्या एका सायबर कॅफेत प्रोजेक्टची माहिती शोधता शोधता मला सहज तो खेळ आठवला. नाव माहीत नसलेला खेळ शोधायचा कसा? होडी, बेटं, लाल टोपी, टक्कल असं इंग्रजीत टाकत गेले. चौथ्या दिवशी फिनलंडमधल्या एका माणसाचं पान सापडलं. तो कोणी न खेळलेले जुने खेळ जमवत होता. पानावर गंगाराम होता. लाल टोपी, होडी, सगळं. त्याने लिहिलं होतं की हा खेळ फारसा विकला गेलाच नाही, कंपनी बुडाली, आणि आपण सोडून हा कोणाला आठवत असेल असं वाटत नाही. खाली त्याने सगळे संवाद इंग्रजीत दिले होते. बर्फातला म्हातारा विचारत होता, 'तुला घाई आहे का?'

मी त्या पानांच्या प्रती काढून घेतल्या. त्या माणसाला लिहावं असं वाटलं, पण काय लिहायचं ते सुचलं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात हुसेनचाचा गेले. तिसऱ्या दिवशी भाभी, अनसभाई आणि त्यांच्या दोन मुली शारजाहून पोचल्या. आई आणि मी भेटायला गेलो. अनसभाई ओसरीवर पुरुषमाणसांत बसले होते, थकलेले, भले गृहस्थ. आत गेल्यावर भाभी उठून उभी राहिली. ती जाड झाली होती, चष्मा लागला होता.

"कशा आहात भाभी?" मी म्हटलं.

"'आहात' काय गो?" ती म्हणाली आणि मला जवळ ओढून तिने मान माझ्या खांद्यावर टाकली. सासऱ्यासाठी रडत होती, आणि मध्येच थांबून मला नीट बघत होती.

आठ दिवसांनी गर्दी ओसरल्यावर मी ते छापलेले कागद घेऊन पुन्हा गेले. ती मागच्या पडवीत कोलंबी सोलत होती. मी शेजारी बसले आणि मलाही एक ताट दिलं गेलं.

"तुझं पत्र पोचलं होतं," तिनेच सुरुवात केली. "चार-पाचदा बसले जवाब लिहायला. काय लिहू? बरी हाय लिहिलं तर खोटं. बरी नाय लिहिलं तर तू बारा वर्षांची पोर, तू काय करणार? एक खोली होती गो. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगची भिंत. हे सकाळी सहाला जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. माणूस चांगला हाय, कधी शब्दाने दुखवलं नाय. पण दुपार तर माझीच ना. दुपारी दोन वाजले की माझे कान दाराकडे जायचे. तिथे कोण येणार?"

मी म्हटलं, "मला वाटायचं मी तुला त्रास देते."

"तू? मला?" तिच्या हातातली कोलंबी तशीच राहिली. "मला वाटायचं, ह्या पोरीला खेळायला दुसरं कोणी मिळालं की ही यायची बंद होणार. मध्ये आली नाहीस आठवडाभर, तेव्हा वाटलं, झालं, मिळालं कोणीतरी."

पडवीत कावळा उतरला, तिने त्याला हाकललं. मग म्हणाली, "शेवट काय झाला त्याचा? सांगते म्हणालीस ना?"

मी सांगितला. बेट, घर, दारातली बाई, टोपी. टकलापर्यंत आले तेव्हा माझंच हसू फुटायला लागलं. टपली सांगितल्यावर भाभीने कोलंबीचे हात तसेच वर धरले आणि तोंड खांद्यावरच्या ओढणीत खुपसलं. सुतकाचं घर, आत चाची, ओसरीवर माणसं. तिचं सगळं अंग हलत होतं.

"तीन केस?" ती कशीबशी म्हणाली.

"तीन."

"आणि आपल्या गंगारामचं काय होतं गो टोपीखाली?"

"ते कोणी बघितलंय?"

मग ती पुन्हा सुरू झाली. आतून चाचींनी "खतिजा?" अशी हाक मारली, तेव्हा ती डोळे पुसत उठली. जाताना माझ्या हातातले कागद बघून म्हणाली, "हे ठेव इथे. मी वाचेन. इंग्रजी येतं मला आता. एकटीने शिकले, तिथे टीव्ही बघून."

ती जायच्या दिवशी माझी प्रॅक्टिकल होती. मी घरी आले तेव्हा शेजारी कुलूप होतं. चाचींनाही त्यांनी बरोबर नेलं. घराची किल्ली भाभी आईकडे देऊन गेली होती, आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायच्या, नाहीतर भिंतींना ओल धरेल.

सुरुवातीला आई एकटीच जायची, रविवारी चहा झाल्यावर. तिसऱ्या रविवारी ती किल्ली घेऊन निघाली तेव्हा मी म्हटलं, "थांब, मी पण येते."

"कशाला? नुसत्या खिडक्या तर उघडायच्यात."

"येते ग."

आम्ही आत गेलो. तिने पुढच्या खोल्यांच्या खिडक्या उघडल्या, मी मागच्या. वाऱ्याबरोबर खाडीचा वास आत आला. कोपऱ्यातली जळमटं काढली, फरशीवरून केरसुणी फिरवली. खिडक्या तासभर उघड्या ठेवायच्या होत्या आणि त्या तासात करायला दुसरं काही नव्हतं. आई ओसरीच्या पायरीवर बसली. दोन वर्षांनी ती निवृत्त होणार होती आणि तिचे गुडघे आता दुखायला लागले होते. मी तिच्याशेजारी बसले.

"आज शाळेतलं सांग," मी म्हटलं.

"आज रविवार आहे," आई म्हणाली.

"मग कालचं."

ती माझ्याकडे बघून जरा हसली आणि चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचं सांगायला लागली.